पेपरमिंट आणि वरची बाथरूम

मंगळवार, ४ मार्च

फ्लश केला! झाला! गेलं सगळं पाणी खाली!

माझ्या हातचा पहिला फ्लश. टाकी भरेपर्यंत थांबले आणि पुन्हा केला. मग पुन्हा. सहा वेळा झाल्यावर खालून आत्या ओरडली, "पोट बिघडलंय का गं तुझं?" मी वरूनच ओरडले, "नाही, आनंद झालाय!" त्यावर आत्या, "मग पाणी का वाया घालवतेस, कार्टे?"

महिन्याभरापूर्वी इथे अडगळीची खोली होती. मोडका पाळणा, रद्दी, दोन गंजके पंखे. आज इथे कमोड आहे, बेसिन आहे, शॉवर आहे, फरशीत नहाणी ट्रॅपची चकचकीत जाळी आहे, आणि या सगळ्यांमागून भिंतीला धरून थेट गच्चीच्या वर गेलेला वेंट पाइप आहे. एकेक जोड मी चिकटवलाय. बाबांनी बोट लावलं नाही. लावायचं नाही असंच ठरलंय. कारण तेरा तारखेला पालिकेचा तपासनीस येणार, आणि परवान्यासाठी एक अख्खं काम माझं एकटीचं हवं. पास झाले तर परवाना माझ्या नावावर. नापास झाले तर आणखी एक वर्ष मी 'प्लंबरची मुलगी, हाताखाली असते'.

संध्याकाळी बाबा वर आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बेसिनखाली वाकले, पाइपवरून हात फिरवला, पुन्हा उभे राहिले.

"हं," म्हणाले. आणि गेले खाली.

हं!! नऊ वर्षं त्यांच्याबरोबर काम करतेय, एकदाही 'छान' ऐकलेलं नाही. वाईट म्हणत नाहीत, चांगलंही म्हणत नाहीत. तेराला तो साहेब सही करेल तेव्हा तरी म्हणतील. मला परवान्यापेक्षा तेच जास्त हवंय. इथे लिहायला काय जातंय, वाचतंय कोण!

बुधवार, ५ मार्च

बेसिन बोलायला लागलंय.

मी फ्लश करते आणि ते म्हणतं — डुबुक्. जरा थांबून — डुबुक् डुबुक्.

मला आधी गंमत वाटली. मी त्याला "बोल बाळा" वगैरे म्हटलं. मग लक्षात आलं की मी प्लंबर आहे आणि हे हसण्यावारी न्यायचं काम नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज वासही आला. सकाळी दार उघडलं आणि गटाराने जणू हात पुढे करून "या, या" म्हटलं.

नहाणी ट्रॅपची जाळी काढून टॉर्च मारली. कोरडा! ट्रॅपच्या त्या वाकड्या पोटात पाणी उभं असतं, म्हणूनच गटाराची हवा घरात येत नाही. ते पाणीच गायब. मी तांब्याभर पाणी ओतलं, वास गेला. फ्लश केला — डुबुक् — आणि ट्रॅप पुन्हा कोरडा. म्हणजे फ्लशचं पाणी धबाधबा खाली जाताना मागून हवा मागतंय, ती मिळत नाही म्हणून ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतंय. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल कसं अडखळत, गचके खात येतं, तसं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार. ते दुसरं भोक म्हणजे वेंट.

पण वेंट तर आहे! मीच घातलाय! अगदी ओळंब्यात, सरळ, देखणा! वर काऊल बसवलाय, आत्या त्याला वेंटची टोपी म्हणते. टोपी बसवल्यावर मी त्याच्याबरोबर फोटोसुद्धा काढला होता.

बाबांना सांगितलं. ते स्वयंपाकघरात पेपर वाचत होते. "गच्चीवर जाऊन बघितलंस?" म्हणाले.

"बाबा, गच्चीवर काय बघायचंय? काऊल मीच लावलाय. झकास आहे."

"हं."

मग उतार चुकला असणार. उद्यापासून उताराच्या मागे.

(तेवढ्यात आत्या अंगणातून धावत आली — शेगडीवर दूध करपून काळंठिक्कर, घरभर धूर व्हायचा बाकी, आणि बाबा त्या भांड्यापासून तीन हातांवर बसून क्रीडा पान वाचतायत! आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "पूर्वी हा फाटकातूनच ओळखायचा आज काय शिजलंय ते. आता ताटात काय वाढलंय त्याचाही पत्ता नसतो. म्हातारा झालास रे!" ती बाबांपेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे, हे कुणीच बोललं नाही.)

शुक्रवार, ७ मार्च

पाणसळ घेऊन दिवसभर जमिनीवर पालथी. गाल फरशीला, एक डोळा मिटलेला. चार फुटाला एक इंच उतार हवा. आहे. पुन्हा मोजला. आहे. आडवा पाइप, बेसिनचा पाइप, शॉवरचा पाइप — सगळे शहाण्यासारखे उतारात. एकही चुकलेला नाही, याचा मला इतका राग आला!

बेसिन: डुबुक्.

असं पालथं पडलं की डोक्यात नको ते येतं. नऊ वर्षांपूर्वीही अशीच पडलेली असायचे, पण पलंगावर. ऑफिसातली नोकरी गेली होती — गेली म्हणजे काढलंच त्यांनी, हिशोबाच्या कागदांत मी सतत आकडे उलटसुलट करायचे. चार महिने घरी. केस विंचरत नव्हते. कुणी आलं की आत्या दार ओढून घ्यायची. त्यातच बाबांना तो ताप आला, आठ दिवस नुसते फणफणत होते. उठले त्याच दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाले, "उद्यापासून माझ्याबरोबर चल. साडेसातला."

मी गेले. त्यांनी माझ्यावर दया केली हे मला कळत होतं. शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणाल्या, "बापाचं काळीज गं, दुसरं काय!" दयेची नोकरी! पण मग मला ती आवडायलाच लागली, त्याला कोण काय करणार? पहिल्यांदा तुंबलेली मोरी मोकळी केली, तेव्हा पाणी गोल गोल फिरत, गुळण्या करत खाली गेलं आणि मी टाळ्या वाजवल्या. घरमालकीण घाबरली होती.

बाबांची शिकवायची पद्धत मात्र भयंकर. स्वतः काही सांगणार नाहीत. कुठल्याही घरी गेलो की दारातच थांबतात. "सांग. काय वास येतोय? कुठून?" मी हुंगत फिरायचं, बोट दाखवायचं. ते तिथलं खोलतात. बरोबर निघालं तरी एक शब्द नाही! पहिल्या वर्षी मला वाटायचं, ही परीक्षा महिनाभर चालेल. नऊ वर्षं चाललीय. अजून रोज दारात पेपर.

तेराला त्या परीक्षेचा निकाल. मला दाखवून द्यायचंय की दया वाया गेली नाही.

शनिवार, ८ मार्च

बेसिनमागचा टी, म्हणजे पाइपचा तीन तोंडांचा जोड, खोलला. कापलाच! वाटलं, इथे पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा गोळा आत जमून हवेची वाट अडली असेल. आत काही नव्हतं. गुळगुळीत. नवा टी आणून बसवला. पाइप आधी कोरडेच जोडून बघते मी, सगळं मापात आलं की सुटं करून सोल्युशन लावते, मग निळ्या खडूने बरोबरची खूण. ही बाबांची शिस्त: चिकटवला की खूण, खूण नाही म्हणजे चिकटवलेला नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, खडूवर ठेवायचा.

तेवढ्यात आत्याने जेवायला हाक मारली, आणि आत्याची दुसरी हाक पहिलीपेक्षा वाईट असते.

रविवार, ९ मार्च

खालच्या बाथरूममध्ये आत्या पंचेचाळीस मिनिटं. मी आणि बाबा टॉवेल खांद्यावर घेऊन बाहेर, बसस्टॉपवर उभे असल्यासारखे. मी म्हटलं, "वरची वापरा ना." बाबा म्हणाले, "पास होऊ दे."

डुबुक्.

सोमवार, १० मार्च

आजचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. दोन कारणांसाठी. क्रमाने लिहिते, नाहीतर आधी ओरडायलाच लागेन.

सकाळी ठरवलं, पेपरमिंट चाचणी करायचीच. वासाचा उगम शोधायचा तर तिच्यासारखी दुसरी नाही. गच्चीवर वेंटच्या तोंडातून पेपरमिंटचं तेल ओतायचं, त्यावर बादलीभर कडकडीत पाणी. वाफ सगळ्या पाइपांत भरते. घरात कुठे पेपरमिंट नाकाला लागलं की तिथे फट आहे. एकच नियम — ज्याने तेल ओतलं त्याने आत यायचं नाही. त्याच्या हाताचा, कपड्यांचा वास घरात आला की चाचणी बाद. एरवी बाबा वर जाऊन ओततात आणि मी खाली हुंगत फिरते.

आज मी म्हटलं, "मी ओतणार. काम माझं आहे."

"मी जातो वर. तू खाली थांब."

"तुमचे गुडघे बाबा! त्यात गरम पाण्याची बादली!"

"अगं, मी जातो म्हटलं ना."

"नाही म्हणजे नाही!" आणि मी बादली घेऊन निघालेच. ते जिन्यातच उभे राहिले, कठड्यावर हात ठेवून.

गच्चीवर स्टूल ठेवलं, चढले, काऊल फिरवून काढला.

आणि काऊलखाली — पाइपच्या तोंडावर — सिमेंटच्या पिशवीचा तुकडा. तारेने आवळलेला. दोन पीळ आणि टोक आत वळवलेलं. जगात तारेचं टोक असं आत वळवणारी एकच बाई आहे.

मी! मीच! काम चालू असताना आत खडी पडू नये म्हणून बांधली होती, आणि मग मोठ्या थाटात त्या पिशवीवरच टोपी चढवली! आणि फोटो काढला! हसतेय मी त्या फोटोत! दिवसभर फरशीला गाल लावून उतार मोजत होते, चांगला टी कापला, आणि वरती माझा वेंट तोंड बांधून उभा!

मी स्टुलावर बसले आणि खदाखदा हसले. खरंच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई चिमटे तिथेच टाकून आत निघून गेली. मग पुन्हा स्टुलावर उभी राहून त्या पिशवीला नमस्कार केला. मग तार कापली. आणि शप्पथ सांगते, पाइपने श्वास घेतला! आतून गार हवेचा झोत आला. मी बाबांना ओरडून सांगितलं, "फ्लश करा!" त्यांनी केला. मी कान लावला. "बेसिन बोललं?"

"नाही!"

"पुन्हा करा!"

"नाही बोललं!"

मी नाचले. गच्चीवर, टाकीभोवती, प्रदक्षिणा घालत नाचले.

आता आलेच आहे तर चाचणीही उरकू म्हणून तेल ओतलं, वर गरम पाणी. तो वास! डोळे, नाक, घसा, सगळं धुऊन निघालं. मग नियमाप्रमाणे गच्चीवर अडकून बसले. पाऊण तास, उन्हात. खाली बाबा फिरत होते, पावलं ऐकू येत होती. मग जिन्यातून आवाज आला, "नाही. कुठेच नाही."

"नक्की? बेसिनखाली बघितलं?"

"बघितलं."

"नहाणी? कमोडच्या बुडाशी?"

"अगं, नाही म्हटलं ना!"

पास! मी पुन्हा नाचायला उठले आणि तेवढ्यात फाटक वाजलं. आत्या बाजारातून आली. आणि दारातूनच, पिशवीसुद्धा खाली न ठेवता —

"अगंबाई! पेपरमिंटचा कारखाना काढलाय की काय घरात? पायरीपासून वास येतोय!"

मंगळवार, ११ मार्च

बाबा खोटं बोलले.

काल लिहायचं तिथेच थांबवलं, पेन आपटून. मी खाली आले तर — अगदी खरं — जिन्यातच वास. वर बाथरूममध्ये तर नाक चुरचुरत होतं. आणि बाबा तिथेच उभे, बेसिनजवळ, त्या वासाच्या अगदी मधोमध.

मी म्हटलं, "बाबा, हा काय वास!"

माझ्याकडे न बघता म्हणाले, "असेल. माझ्या लक्षात नाही आलं."

लक्षात नाही आलं! चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस!

रात्रभर कुशी बदलल्या. एक तर त्यांना मी तेराला साहेबासमोर तोंडघशी पडायला हवीय, म्हणजे जन्माचा धडा मिळेल. किंवा मला वाईट वाटू नये म्हणून ते गोड खोटं बोलले. दुसरं जास्त वाईट आहे. कारण ते कधी खोटी स्तुती करत नाहीत, या एकाच गोष्टीवर तर मी नऊ वर्षं जगलेय! त्यांच्या 'हं'वर माझा विश्वास होता. आता सगळेच 'हं' संशयात.

सकाळी एकटीच वर गेले. वास कमी झाला होता पण होता. हुंगत हुंगत बेसिनखालच्या कपाटात डोकं घातलं. टॉर्च मारली. टीच्या खालच्या जोडावर निळी खूण. बाजूच्या जोडावर निळी खूण. वरच्या जोडावर —

नाही.

शनिवारचा टी. आत्याची हाक. हात लावला तर पाइप अलगद निघून हातात आला. कोरडा! बूच काढावं इतक्या सहज! पिशवीमुळे उतार, उतारामुळे टी, टीमुळे हे. एक मूर्खपणा दुसऱ्याला बोट धरून घरी घेऊन आला.

पुसला, सोल्युशन लावलं, अर्धी फिरकी दिली, तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरला. खूण केली. पुन्हा गिरवली. त्यावर आणखी एक.

बाबांशी दिवसभर बोलले नाही. जेवताना त्यांनी तिखटाचा डबा मागितला, तो मी आत्याकडे दिला, आत्याने त्यांच्याकडे दिला. आत्या म्हणाली, "हे काय, टपालखातं उघडलंय?" बाबांनी भाजीवर चमचाभर तिखट घेतलं, कालवलं, आणखी अर्धा चमचा घेतलं आणि जेवले.

बुधवार, १२ मार्च

अजून अबोला. पण उद्याची धास्ती इतकी की राग नीट धरून ठेवता येत नाहीये. मधूनच सुटतो.

आठ वेळा फ्लश केला. बेसिन गप्प. ट्रॅपमध्ये पाणी काठोकाठ. फरशी पुसली, कमोड पुसला, वेंट पाइपसुद्धा पुसला, जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत. आत्या म्हणाली, "पावडर लावायची राहिलीय."

गुरुवार, १३ मार्च

पास! पास!! पास!!!

वही, ऐक. साहेब बरोबर दहाला आले. बारीक, उंच, शर्टाच्या खिशात घडीची मोजपट्टी, दर दोन वाक्यांनी ती बाहेर काढणार. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मोजपट्टी ठेवलं आणि मग दिवसभर "मोजपट्टीसाहेब" तोंडातून निसटायची धास्ती. उतार मोजला. ट्रॅपमधलं पाणी मोजलं. गच्चीवर वेंटची उंची मोजली. काऊल काढून आत डोकावले! मी डोळे मिटले. आत आकाशाएवढं मोकळं होतं. "ठीक," म्हणाले.

मग म्हणाले, "गळतीची काय चाचणी घेतलीत?"

"पाण्याची घेतली. आणि पेपरमिंटची."

त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी लहान झाला. "पेपरमिंट? अजून करतं कुणी ते? करा की माझ्यासमोर!"

मी बादलीकडे वळले, तर बाबा आधीच उभे. बादली हातात, बाटली शर्टाच्या खिशात. "मी वर जातो," म्हणाले. तीन दिवसांत आमचं हे पहिलं बोलणं. "तू खाली थांब. हुंगायचं काम तुझं." आणि गुडघे विसरून असे भराभर जिना चढले की मी बघतच राहिले. राग थोडा तिथेच विरघळला.

मग मी आणि साहेब, दोघं नाकं वर करून बाथरूमभर. दोन मांजरं जशी. ते कमोडच्या बुडाशी वाकायचे, मी बेसिनखाली. ते बेसिनखाली, मी जाळीवर. मी कपाटात डोकं घालून त्या तीन खुणांवाल्या जोडाला नाक टेकवलं. सोल्युशनचा जुना वास. लाकडाचा वास. बास! वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. साहेबांनी रुमालाने नाक पुसून पुन्हा एक फेरी मारली. "काही नाही," म्हणाले. "एक कणसुद्धा नाही." आणि पेन काढलं. आणि सही केली. माझ्या नावावर! बेसिनच्या कडेवर कागद ठेवून! माझ्या बेसिनच्या!

सही वाळते न वाळते तोच पेपरमिंट!

असा काही लोट आला की डोळ्यांत पाणी. मला वाटलं — फुटला! कुठला तरी जोड फुटला! मी कपाटात डोकं खुपसलं, साहेब जाळीवर पालथे, आणि मागून आवाज आला, "काय, झालं का?"

दारात बाबा. खिशातल्या बाटलीचं बूच निघालेलं, शर्ट छातीपासून पोटापर्यंत चिंब, तेलाने चकाकतोय! जो नियम त्यांनीच मला शिकवला, ज्याने ओतलं त्याने आत यायचं नाही, तो मोडून भर बाथरूममध्ये!

साहेबांना सलग पाच शिंका आल्या. मग म्हणाले, "अहो, आंघोळ केलीत का त्यात?"

बाबा खाली शर्टाकडे बघून जरा गोंधळले. बोटाने ओला भाग चाचपला. मग म्हणाले, "तरीच! मी म्हटलं, आज वर वारा फार गार लागतोय."

वारा! बाहेर पान हलत नव्हतं! मी हसले, साहेब हसले, आत्या जिन्यातून नाकाला पदर लावून हसली. मी कमोडचं झाकण लावून त्यावर बसले, कारण उभं राहवेना. उचक्या लागल्या. बाबाही हसले, थोडं मागून, आमच्याकडे बघत बघत.

जाताना साहेबांनी विचारलं, "हे सगळं खरंच हिने एकटीने केलं?"

बाबा म्हणाले, "सगळ्या कामांचं तीच बघते. मी नुसता ओततो."

साहेब पुन्हा हसले. मीही. थट्टाही करता येते तर यांना!

'छान' म्हणाले नाहीतच. जाऊ दे. कागद चौकटीत घालून बाथरूममध्येच लावायचा म्हणतेय. आत्या म्हणते, "अगं, निदान बाहेर लाव." वरच्या शॉवरखाली पहिली आंघोळ मी केली, अर्धा तास, आणि बाहेर कुणी रांगेत नव्हतं!

शनिवार, १५ मार्च

तो शर्ट तीनदा धुतला. वास जात नाही. आज बाबांनी तोच घातला. मी म्हटलं, "बाबा, दुसरा घाला, अजून वास येतोय."

"येतोय का?" म्हणाले. "कुठून?"

त्याच आवाजात. कामावर, दारात उभं राहून विचारतात, अगदी त्याच.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दूध. तिखटाचा डबा. गार वारा. त्यांनी पेपरची घडी केली, ती पुन्हा उलगडली. "त्या तापानंतर वास आलाच नाही गं," म्हणाले. "आधी वाटलं, येईल महिन्याभरात. मग तू होतीस."

नऊ वर्षं. मला दया म्हणून नेलं नव्हतं. एवढ्या सगळ्या दारांत ते परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरंच माहीत नसायचं.